वजनकाटा, टेप आणि दमसास: हृदयविकारानंतर नक्की काय मोजायचं

टीएमटीचा, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासण्याच्या चाचणीचा, रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. ‘निगेटिव्ह’ असं दिसलं की कागद फाईलमध्ये आणि फाईल कपाटात. त्याच कागदावर वर कुठेतरी आणखी एक आकडा छापलेला असतो: ६.२ मेट, ८.५ मेट, १०.१ मेट असा काहीतरी. पुढची काही वर्षं हृदय कसं साथ देणार याचा अंदाज बांधायचा असेल, तर माझ्या मते वजनकाट्यापेक्षा तो आकडा जास्त कामाचा आहे. पण साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत कुणालाही विचारा, वजन किती ते लगेच सांगतील. मेट किती, हे सांगणारा क्वचित भेटेल.

शांत बसलेलं असताना शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. हा झाला १ मेट. सपाट रस्त्यावर ताशी ४ किलोमीटर वेगाने चालायला जवळपास ३ मेट लागतात. दोन मजले न थांबता चढता येत असतील तर निदान ४ मेटची ताकद आहे असं धरतात. टीएमटी बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धतीने होते. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात: पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा साधारण साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के. पहिला पूर्ण केला तर पाचच्या आसपास, दुसरा केला तर ७ आणि तिसरा केला तर १० मेट.

इथे एक घोळ नेहमी होतो. पट्ट्यावर घाबरून समोरचा दांडा घट्ट धरला, अंगाचा भार हातांवर टाकला, की पायांना आणि हृदयाला काम कमी पडतं. यंत्र मात्र वेग आणि चढ यांवरून हिशेब करतं, त्याला दांडा कळत नाही. म्हणून दांड्याला लटकून मिळवलेले ९ मेट हे खरे ९ नसतात. तोल सांभाळायला दोन बोटं टेकवायला हरकत नाही, त्याहून जास्त नको.

आता या आकड्याला इतकं महत्त्व का, ते पाहू. १९८९ साली डॅलसच्या कूपर संस्थेतल्या स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी १० हजारांहून जास्त पुरुष आणि ३ हजारांहून जास्त स्त्रियांना ट्रेडमिलवर चालवून नंतर कित्येक वर्षं त्यांचा माग ठेवला. सगळ्यात कमी दमसास, म्हणजे सगळ्यात कमी मेट, असलेल्या गटात मृत्यू सगळ्यात जास्त होते. २००२ साली जोनाथन मायर्स यांनी ६,२१३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक १ मेट वाढीमागे जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. ५ मेटही न गाठणाऱ्यांचा धोका ८ मेटच्या वर जाणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता. २०२४ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. दमसास नसलेल्यांचा धोका, वजन कमी असो की जास्त, दोन ते तीन पट निघाला. दमसास चांगला असलेल्या लठ्ठ लोकांच्या आणि दमसास चांगला असलेल्या बेताच्या वजनाच्या लोकांच्या मृत्यूदरात मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक सापडला नाही.

हे वाचून पोट सुटलेल्या मंडळींनी लगेच खूश होऊ नये. फरक ‘सापडला नाही’ आणि फरक ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय मधुमेह, वाढलेला रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, हृदयाची अनियमित लय हे सगळं चरबी आपल्यासोबत आणतेच. चालण्याने त्यातलं बरंच कमी होतं, पण सगळं धुऊन निघत नाही. आणि आपल्याकडचा मुख्य प्रश्न तर उलटाच आहे. लठ्ठ पण दणकट असा माणूस जिल्ह्यात शोधावा लागेल. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे, आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धाप, असा माणूस मात्र प्रत्येक घरात आहे.

सडपातळ दिसणाऱ्यांची चरबी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बीएमआयचा तक्ता दोघांनाही ‘नॉर्मल’ म्हणतो. भारतीय शरीर कमी वजनातही जास्त चरबी बाळगतं आणि ती पोटात साठवतं, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कशाने समजवता येणार नाही.

म्हणून आपल्यासाठी बीएमआयची पट्टी खाली ओढलेली आहे: २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. त्याहून सोपा हिशेब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. १६४ सेंटिमीटर उंचीला ८२. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातही (तोही २००४ चाच) बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या मापाचं गुणोत्तर हार्ट अटॅकशी जास्त घट्ट जोडलेलं निघालं. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा काही वर्षं लवकर येतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

मांडीवरची चरबी आणि आतड्यांभोवतीची चरबी यांचा स्वभाव वेगळा. आतड्यांभोवतीची चरबी सतत वितळून फॅटी ॲसिड रक्तात सोडते आणि ते रक्त थेट यकृतात जातं. यकृतात चरबी साचली की इन्सुलिनचं ऐकणं कमी होतं, ट्रायग्लिसराइड वाढतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) घसरतं, एलडीएलचे (वाईट कोलेस्टेरॉलचे) कण लहान आणि दाट होतात. हीच चरबी शरीरात बारीक, न जाणवणारी सूज धुमसत ठेवते. रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर फुटायला तेवढं निमित्त पुरतं. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ लिहून आलं की आपण ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून सोडून देतो. ते सोडून द्यायचं नसतं.

कंबर मोजायची तर नीट मोजावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, सकाळी, काही खाण्याआधी, कपड्यावरून नाही. टेप जमिनीला समांतर, चामडीला टेकलेली पण रुतलेली नको. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचायचा, दोनदा घ्यायचा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलं की पुरुष पट्टा पोटाच्या खाली बांधतात आणि वीस वर्षं ‘माझी कंबर चौतीसच’ म्हणत राहतात. बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीची खूण असते तिथे टेप लावली जाते, तीही जागा बहुतेक वेळा चुकीचीच. जिममधल्या, उभं राहिल्यावर चरबीचे टक्के सांगणाऱ्या यंत्रावर फार विसंबू नका. पाणी किती प्यायलंय, जेवण कधी झालंय यावर त्याचं उत्तर हलतं. पेसमेकर किंवा आयसीडी (लय बिघडली की शॉक देणारं यंत्र) बसवलेला असेल तर त्या यंत्रावर पायही ठेवू नका, कारण ते शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडून मोजतं.

दमसास आणि चरबी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत असं वरच्या अभ्यासांवरून वाटलं, तरी मेटच्या आकड्यात वजन आधीच मिसळलेलं असतं, कारण तो दर किलोमागे काढतात. समजा एखाद्याचं शरीर जास्तीत जास्त मिनिटाला २,००० मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं. वजन ८५ किलो असेल तर किलोमागे २३.५, म्हणजे ६.७ मेट. हृदय आणि स्नायू तसेच राहिले आणि नुसती ५ किलो चरबी गेली, तर २५ मिलिलिटर, म्हणजे ७.१ मेट. पण तीच ५ किलो स्नायूंमधून गेली तर वरचा २,००० चा आकडाच खाली येतो आणि सगळा फायदा बुडतो. हृदयविकारानंतर वजन कमी करताना हा मुद्दा लोक विसरतात.

अटॅकनंतर पेज, फुलके आणि पातळ वरण यांवर महिनाभर राहून सहा किलो उतरलेला माणूस घरच्यांना ‘बरा दिसायला लागला’ असं वाटतं. मांड्या बघा. बहुतेक वेळा तिथूनच गेलेलं असतं. हृदयविकार झालेल्यांत थोडं जास्त वजन असलेले लोक अगदी किडकिडीत लोकांपेक्षा जास्त जगतात, असं २००६ साली लॅन्सेटमधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. ‘लठ्ठपणाच वाचवतो’ असा अर्थ काही लोकांनी काढला. आजारामुळे किंवा तंबाखूमुळे रोडावलेले लोक किडकिडीत गटात मोजले गेले, आणि बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, हे त्यामागचं बरंचसं स्पष्टीकरण. ज्यांचा दमसास चांगला होता त्यांच्यात हा उलटा संबंध जवळपास नाहीसा होतो.

‘दीड महिना पूर्ण आराम’ हा सल्ला

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, दोन-तीन दिवसांत घरी सोडलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे खर्चाची चिंताही बऱ्याच घरांत कमी झालीय. पण घरी आल्यावर पुढे काय, हे सांगणारं कुणी नसतं. मग भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा एकच सांगतो: हलू नका.

१९६६ साली डॅलसमध्ये पाच निरोगी, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर पडून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. विशीतल्या पोरांची ही गत, तर अठ्ठावन्न वर्षांच्या, आधीच ६ मेटवर असलेल्या माणसाचं काय होत असेल?

तेव्हा सुरुवात लवकर आणि थोडी करायची. खाली जे देतोय ते गुंतागुंत नसलेल्या, इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची ताकद ठीक असलेल्या आणि डॉक्टरांनी चालायला परवानगी दिलेल्या माणसासाठी आहे. विश्रांतीतच छातीत दुखत असेल, रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, बसलेलं असताना नाडी १२० च्या पुढे असेल, ताप असेल, हृदयाची झडप खूप अरुंद असेल किंवा लय आटोक्याबाहेर बिघडलेली असेल, तर व्यायाम नाही. आधी दवाखाना.

पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दुसऱ्यात १० ते १५ मिनिटं, दोनदा. तिसऱ्या-चौथ्यात २० मिनिटांपर्यंत. सहाव्या आठवड्याला सलग ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस; आठवड्याला १५० मिनिटं चाला असं सांगतात, ते गणित इथे जमतं. आधी वेळ वाढवायची, मग वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की गडबड होते. सुरुवातीची ५ मिनिटं आणि शेवटची ५ ते १० मिनिटं हळू चालायचं, ही औपचारिकता समजू नका. व्यायामात पायांच्या रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात. एकदम थांबून उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, दाब कोसळतो, डोळ्यापुढे अंधारी येते, कधी लय बिघडते. बऱ्याच जणांना त्रास चालताना होत नाही, चालून आल्यावर चहाच्या टपरीपाशी उभं राहिल्यावर होतो तो यामुळे.

किती जोरात चालायचं? पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. ही कसोटी दिसते साधी, पण चांगली आहे. श्रमाला ६ ते २० च्या बोर्ग पट्टीवर आकडा द्यायचा तर ११ ते १३, म्हणजे ‘हलकं’ ते ‘थोडं जड’. टीएमटी झालेली नसेल तर बसलेलं असतानाच्या नाडीपेक्षा २० ठोके जास्त, बायपासनंतर फार तर ३०.

‘२२० वजा वय’ हे सूत्र मात्र इथे विसरा. हृदयविकाराच्या बहुतेक रुग्णांना मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल यांसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असते आणि ती नाडीला वर जाऊच देत नाही. ५५ वर्षांच्या माणसाला सूत्र सांगतं १६५, त्याचे ७० टक्के ११५. गोळी घेतलेल्या माणसाला ११५ गाठायला कदाचित जिवाच्या आकांताने पळावं लागेल. त्यापेक्षा नेहमीच्या गोळ्या घेऊन टीएमटी झालेली असेल तर तिच्यावरून काढा. बसलेलं असताना नाडी ६४, टीएमटीत गाठलेली १२८, फरक ६४. त्याचे ४० टक्के २६ आणि ६० टक्के ३८. हे ६४ मध्ये मिळवले की ९० ते १०२. यात राहायचं. टीएमटीत ठरावीक नाडीला ईसीजी बदलला असेल किंवा छातीत दुखलं असेल, तर त्या आकड्याच्या निदान १० ठोके खाली. नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटांनी, १५ सेकंद मोजून चारने गुणायची, आणि थांबल्याबरोबर लगेच मोजायची. लय अनियमित असेल तर पूर्ण मिनिट मोजा. अशा माणसाच्या घड्याळातला आकडा बेभरवशाचा. त्याने बोलण्याची कसोटी वापरावी.

साताऱ्याची अडचण म्हणजे इथे सपाट रस्ता मोजकाच. घराबाहेर पाऊल टाकलं की चढ नाहीतर उतार. चढाचा हिशेब काय होतो ते बघा. ताशी ४ किलोमीटर वेगाने सपाटीवर २.९ मेट. तोच वेग ५ टक्के चढावर ४.६ मेट, आणि १० टक्के चढावर ६.३. वेग ३ वर आणला तरी १० टक्के चढाला ५ मेट लागतात. म्हणजे ज्याची एकूण ताकदच ६ मेट आहे तो अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याला सावकाश चालला तरी ८० टक्क्यांच्या वर खेचत असतो. सुरुवातीच्या महिन्यांत ४० ते ६० टक्क्यांत राहायचंय. ‘रोज किल्ल्यावर जायचो, आता पुन्हा सुरू करतो’ म्हणणाऱ्याने आधी शाहू क्रीडा संकुलात किंवा वस्तीतल्या सपाट गल्लीत सहा-आठ आठवडे काढावेत. यवतेश्वरच्या घाटात धावणाऱ्या हिल मॅरेथॉनचं तर नावच पहिल्या वर्षी काढू नये. तिथे निम्मी वाट चढाची, आणि परतीच्या उतारावर मांड्यांची परीक्षा वेगळी.

स्नायूंचं काम

चालण्याने दमसास येतो, पण गेलेल्या मांड्या चालण्याने पुरत्या भरून येत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचे व्यायाम हवेत. अँजिओप्लास्टीनंतर साधारण ३ आठवडे, अटॅक किंवा बायपासनंतर ५ आठवडे थांबायचं, आणि त्याआधी चालणं त्रासाविना अंगवळणी पडलेलं असावं. खुर्चीवरून हात छातीवर ठेवून उठणं-बसणं, टाचा उचलणं, जिन्याच्या एकाच पायरीवर चढ-उतार, भिंतीला हात टेकून ढकलणं, एक लिटर पाण्याच्या बाटल्या घेऊन कोपर वाकवणं. प्रत्येकी १० ते १५ वेळा, एक फेरी, पुढे दोन.

जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झटक्यात वर जातो आणि सोडल्यावर तितक्याच झटक्यात खाली येतो. संडासला कुंथताना होतं तेच. म्हणून अटॅकनंतर बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष नको.

बायपास झालेल्यांच्या छातीचं हाड सांधायला ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर भिंत ढकलणं आणि बाटल्या बंद. नातवंडाला कडेवर घेणं, भरलेली घागर, गॅसची टाकी, गाडी डबल स्टँडला ओढणं, सगळं बंद. खोकताना उशी छातीशी धरायची. हाडात ‘कट्’ असा आवाज येत असेल किंवा टाक्यांतून पाणी येत असेल तर व्यायाम थांबवून सर्जनना दाखवायचं.

सुधारणा मोजायला खुर्चीचीच चाचणी पुरते. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, भिंतीला टेकवलेली खुर्ची, ३० सेकंदांत हात न टेकता किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी जमत असेल तर पाय कमजोर. दुसरी चाचणी सहा मिनिटांच्या चालण्याची: ३० मीटर सरळ जागा आखून, सोबत कुणीतरी असताना, सहा मिनिटांत जाता-येता किती मीटर होतात ते लिहा. दोन महिन्यांत ३० मीटरची वाढ दिसली तरी ती खरी वाढ आहे.

आणि वजन? तीन महिने नेमाने चालूनही वजन तसंच, म्हणून रिहॅब, म्हणजे हा सगळा व्यायामाचा कार्यक्रम, सोडणारे खूप. हिशेब केला तर यात नवल नाही. ८० किलोचा माणूस अर्धा तास ३ मेटने चालला की १२० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ४० नुसतं बसूनही झाल्या असत्या. उरल्या ८०. आठवड्याला पाच दिवस, १२ आठवडे, म्हणजे ४,८०० कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० असतात. तेव्हा तीन महिन्यांचं चालणं म्हणजे जेमतेम ६०० ग्रॅम, तेही खाणं वाढलं नाही तर. दोन कंदी पेढ्यांत एका दिवसाचं चालणं भरून निघतं. पण याच १२ आठवड्यांत मेट वाढतात, आणि वजन न हलता पोटातली चरबी कमी होऊन कंबर आत येऊ शकते. म्हणून काटा महिन्यातून दोनदा, टेप महिन्यातून एकदा.

वजन उतरतं ते ताटातून. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेलात १२० च्या पुढे कॅलरी असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला दोन लिटरच्या वर तेल जात असेल तर पहिला हात तिथे घालावा. भाकरी बिचारी उगाच बदनाम होते. कटाचा तवंग, शेंगदाण्याच्या कुटाची सढळ मूठ, चहातली साखर दिवसातून चार वेळा, हे आधी. मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅम, आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा सगळं आलं. प्रथिनं मात्र कमी करायची नाहीत: किलोमागे निदान १ ग्रॅम. घट्ट डाळीच्या वाटीत ६-७ ग्रॅम, अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८. वाघ्या घेवडा आपल्या कोरेगावचा, तो वापरा की. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले तरी रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड हलतात. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनने हृदयविकार असलेल्या जास्त वजनाच्या लोकांत पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले, हे २०२३ च्या सिलेक्ट चाचणीत दिसलं. औषध कामाचं आहे. पण त्यात उतरणाऱ्या वजनातला काही हिस्सा स्नायूंचा असतो, म्हणून खुर्चीवरची उठबस तेव्हा दुप्पट गरजेची.

थंडीत पहाटे पाचला बाहेर पडायची हौस नको. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि पहाटेचा वेळ हृदयाला तसाही जड. ऊन पडल्यावर निघा, कान आणि छाती झाकून. जेवणानंतर दीड तास थांबा. पावसाळ्यात साताऱ्यात चार महिने बाहेरचं चालणं बेभरवशाचं असतं, तर १५ मीटरच्या पडवीत ६७ खेपा म्हणजे एक किलोमीटर. वळताना बाजू बदला, नाहीतर एकच गुडघा बोलायला लागतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी साखर १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच निघावं, खिशात ग्लुकोज ठेवावं, आणि घरी आल्यावर तळपाय बघावेत.

चालताना छातीवर दाब, जबड्यात, गळ्यात किंवा डाव्या हातात ओढ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, गार घाम, अशातलं काहीही आलं तर थांबा आणि बसा. ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन पुढे चालू नका. चालल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं पित्त हे पित्त नसतं. मधुमेही लोकांत आणि स्त्रियांत तर नुसती धाप किंवा विलक्षण थकवा एवढंच लक्षण असू शकतं. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम दिलेली असेल तर बसूनच एक गोळी जिभेखाली. उभ्याने घेतली तर दाब उतरून पडायला होतं. सिल्डेनाफिल (लैंगिक ताकदीसाठी घेतात ती गोळी) घेऊन २४ तास झाले नसतील तर ही गोळी अजिबात नाही, त्याच प्रकारची टाडालाफिल असेल तर ४८ तास. ५ मिनिटांत आराम पडला नाही तर १०८. मुलगा गाडी घेऊन येईपर्यंत थांबू नका, आणि स्वतः गाडी चालवत तर मुळीच जाऊ नका.

काटा महिन्यातून दोनदा असं वर म्हटलं, ते हृदयाची पंपिंग क्षमता कमी झालेल्यांना लागू नाही. त्यांनी रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ती चरबी नाही, ते पाणी आहे. घोट्यावर बोट दाबून खड्डा पडतो का, रात्री उशा वाढवाव्या लागतात का ते पाहून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. त्या दिवशी चालणं बंद, आणि लघवीची गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही. त्या गोळीने रक्तातलं पोटॅशियम घसरलं तर लय बिघडते.